वाऱ्यासाठी मांडलेला पाट

बसा आधी. उभ्या उभ्या बोलायची आमच्यात पद्धत नाही. दारात कोणी आलं की पाट मांडायचा, पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि मगच विचारपूस. हे मांडलं जाण्याचं काम जन्मभर करत आलेला मी, अंबूबाईंचा पाट बोलतोय. राजगडाच्या पायथ्याला पाली म्हणून गाव आहे, तिथं आमचं घर.

आजवर माझ्यावर पुष्कळ माणसं बसली. पण माझं नाव झालं ते ज्यानं माझ्यावर कधीच बूड टेकवलं नाही त्याच्यामुळं. आता हे कसं, ते सगळं सांगतो. फक्त मधे मधे बोलू नका, मला राग लवकर येतो.

माझा जन्म भोरचा. एका सुतारानं कोणाच्या तरी घराचं दार केलं आणि त्यातून सागाची एक फळी उरली. अंबूबाईंच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी पाट करायला सांगितला होता. सुतारानं फळीला रंधा मारला, खाली दोन पट्ट्या ठोकल्या आणि चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं बसवली. त्यातली आता दोनच राहिलीत. उरलेल्या लाकडाचा म्हणून मला कोणी हिणवायचं काम नाही. ते दार अजूनही आल्यागेल्याला बाहेर उभं करतं. मी आत बसवून घेतो.

लग्नात सावळाराम माझ्यावर नवरदेव म्हणून बसले. इतके घाबरले होते की दोन्ही हातांनी माझ्या कडा घट्ट धरून बसले होते. अंतरपाट धरायची वेळ झाली तरी उठेनात. शेवटी मामानं बखोटीला धरून उठवलं. हे ते आता कोणाला सांगत नाहीत, पण मला आठवतंय.

पुढं बरीच वर्षं माझा थाट होता. सणाला, पाहुण्याला, लेकाच्या, अजितच्या बारशाला आधी मी. मग घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. रंगानं लाल, अंगानं हलक्या, आणि जरा जड माणूस बसला की पाय फाकवणाऱ्या. लोकांना त्याच आवडल्या. मला पिठाच्या डब्यामागं उभं केलं. माळ्यावरचं काही काढायचं असलं की माझ्यावर पाय देऊन चढायचं, एवढीच माझी गरज उरली. मी मानाचा पाट! पण सांगणार कोणाला?

शनिवार-रविवारी मात्र मला बरे दिवस यायचे. गड चढायला पुण्याहून पोरंपोरी येतात आणि आमच्याकडं पिठलं-भाकरी खातात. त्यांना खुर्ची नको असते, पाट हवा असतो. एकदा एक चांगला भरलेला गृहस्थ मोठ्या हौसेनं माझ्यावर मांडी घालून बसला. जेवण झाल्यावर त्याला ती मांडी सोडवेना. दोघांनी ओढून काढला. गड त्यानं दुसऱ्या दिवशी चढला म्हणे, पण माझ्यावरून उठणं त्याला जास्त अवघड गेलं.

ही पिठलं-भाकरी करायची आमची सून, सारिका. नवरा अजित शिरवळला कंपनीत कामाला, आठवड्यानं घरी येतो. घर चालतं ते सारिकावर. सारोळ्याची लेक, हायवेच्या कडेला वाढलेली. समोरून मोठी गाडी आली की वाद न घालता बाजूला व्हायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. सासू-सासऱ्यांना मात्र वाद घातल्याशिवाय बाजूला होता येत नाही.

एक गोष्ट मला खुपायची. सगळं गाव माझ्यावर बसून गेलं, बांगड्यावाली बसली, एकदा शेळीसुद्धा चढून बसली, पण सारिका कधी बसली नाही. तसा काही नियम कोणी केला नव्हता. अंबूबाई तिला कधी ‘बस’ म्हणाल्या नाहीत आणि ती आपणहून बसली नाही. ती आपली भुईवर, चुलीच्या बाजूला, एक गुडघा वर करून जेवायची. मला ते बघवायचं नाही. पण मी पडलो पाट, मी काय स्वतःहून सरकणार?

आता त्या वाऱ्याचं सांगतो.

अंबूबाईंनी माहेरून माझ्याबरोबर एक रीत आणली होती. मोठं वादळ सुटलं की अंगणात पाट मांडायचा आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवायचा. वारा म्हणजे लांबून आलेला, चिडलेला पाव्हणा. त्याला बस म्हणायचं, पाणी द्यायचं. बसला की त्याचा राग उतरतो आणि घराचं छप्पर वाचतं. आणि यातली दुसरी अट पहिलीपेक्षा कडक. वारा उठून गेला की पाट लगोलग आत घ्यायचा. मांडलेला पाट तसाच राहिला तर पाव्हण्याला वाटतं आपल्याला मुक्कामाला ठेवून घेतलंय, आणि तो माघारी येतो.

मी तुम्हाला खरं सांगू? वारा माझ्यावर एकदाही बसलेला नाही. त्यानं मला उलथं केलंय, गोठ्यापर्यंत फरफटत नेलंय, एका वर्षी तर शेजारच्या साळूबाईंच्या उकिरड्यात नेऊन टाकलं होतं. त्याच्यासारखा असभ्य पाहुणा मी पाहिला नाही. तरी दर वळवाला अंबूबाई मला बाहेर मांडणार आणि वारा पडला की पदर खोचून मला आणायला धावणार. छप्पर मात्र दरवेळी वाचायचं, त्यामुळं माझं कोण ऐकतो?

त्या वर्षी चक्रीवादळ येणार असं आधीपासून मोबाईलवर यायला लागलं. ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं, उद्या कोणी घराबाहेर पडायचं नाही. अजितनंही फोन करून बजावलं, आईला सांभाळ, ती पाट घेऊन बाहेर पळंल. लेकाला आई बरोबर ठाऊक होती.

सारिका आदल्या दिवशीच कामाला लागली. मोबाईल आणि बॅटरी चार्ज करून ठेवली, कळश्या-हंडे भरले, रेशनकार्ड आणि सातबारे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले. अंगणातली पाटी, घमेलं, खराटा, जे म्हणून उडेल ते सगळं आत घेतलं. सावळारामांचा जीव पडवीच्या पत्र्यावर. पत्र्यावर आधीच दगड होते, जुने टायर होते, तरी त्यांना आणखी दगड चढवायचे होते. सारिका म्हणाली, “मामा, वारा दगड उडवायला लागला म्हंजी तो पयला आपल्याच डोक्यात येनार.” मग तिनं त्यांना दोर आणून दिला आणि वाशाला पत्रा बांधून घेतला. शिडी मात्र तिनं गुपचूप नेऊन कडब्याखाली लपवली. म्हातारा वादळातसुद्धा दगड घेऊन वर चढेल, ही तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ काळंठिक्कर झालं. सारिकानं मेन स्विच पाडला आणि तिघं माजघरात बसली. ती खोली घराच्या मधोमध, तिला खिडकी नाही, भिंती जाड. शेळीही आत घेतली होती. शेळीनं आल्या आल्या कॅलेंडरचा पुढचा महिना खाल्ला. मी डब्यामागून सगळं बघत होतो. सारिकानं सासूकडून शब्द घेतला होता की या खेपेला पाट बाहेर मांडायचा नाही. अंबूबाईंनी दिला होता. पण शब्द देताना त्या माझ्याकडं बघत होत्या, तेव्हाच मी ओळखलं.

वारा सुटला. काय त्याचा आवाज! कौलं खडखडायला लागली, परसातली केळ आडवी झाली. सावळाराम पत्र्याचा आवाज ऐकून उठून उभे राहात आणि सारिका त्यांना खाली बसवी. ती त्यांच्यात गुंतलेली बघून अंबूबाई शेळीला पाला टाकते म्हणून उठल्या. मला बगलेत मारलं, तांब्या घेतला आणि कडी काढून बाहेर. तुळशीच्या आडोशाला तांब्या टेकवला, शेजारी मला आपटलं, “बस बाबा, दमलास, पानी पी” एवढं म्हणाल्या आणि पदर सावरत आत. पुढच्या दाराला कडी लागल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं. माझं काही होवो, म्हातारी आत गेली.

आणि तेवढ्यात तिकडं रस्त्याकडचा विजेचा खांब कलला. एक तार तुटली, हवेत गिरकी घेऊन थेट आमच्या अंगणात आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पडली. पडताना तिनं शेळीच्या लोखंडी खुंट्याला चाटलं. निळी ठिणगी उडाली. सगळं अंगण पाण्यानं भिजलेलं. 

थोड्या वेळानं वारा पडला. एकदम. पान हलेना. मला ती शांतता मुळीच आवडली नाही, कारण तिचा अर्थ मला माहीत होता. आता अंबूबाई मला न्यायला येणार.

आणि आल्याच. दार उघडलं, पदर खोचलेला, एक पाय उंबऱ्याबाहेर. मी आतल्या आत ओरडत होतो, “येऊ नका हो, मला राहू द्या, जळू द्या.” पण पाटाचं कोण ऐकतं? मी आयुष्यभर लोकांना ‘या, बसा’ एवढंच सांगत आलो. ‘येऊ नका’ म्हणायला मला कोणी शिकवलंच नव्हतं.

मागून सारिकानं दंड धरला. तार तिला दिसली होती.

“आत्याबाई, थांबा. तार पडलीय.”

“दिसतीय मला. सकाळपासनं लाईट न्हाई, मेलेल्या तारंला काय भ्यायचं? वलांडून जाती.”

सारिकानं सांगून पाहिलं की घरातली लाईट गेलेली नाही, मेन स्विच तिनंच पाडलाय. तारेत वीज आहे का नाही ते नुसतं बघून कळत नाही, आणि ओल्या जमिनीतून ती पायापर्यंत येते. ते अंबूबाईंना पटेना. त्यांच्या हिशेबी घरात अंधार म्हणजे तार मेलेली. त्यांचं एकच, पाट आत आला नाही तर वारा माघारी येईल आणि या खेपेला कौलं नेईल. पाठोपाठ सावळाराम आले. त्यांच्या हातात ओला बांबू. ते म्हणाले, तुमी दोघी सरा, म्या काठीनं तार बाजूला करतो. झालं! एकाला आवरावं तर दुसरं तयार. फोन लावावा तर रेंज नाही. सारिका एकीकडं सासूचा दंड आणि दुसरीकडं सासऱ्यांचा बांबू धरून उंबऱ्यात उभी, आणि मागून शेळी तिचा पदर खातेय.

मला वाटलं, आता ही पोर रडणार. सुनेनं सासूला किती ओढायचं? अंबूबाईंनी हात झटकला, सुटल्या आणि दुसरा पाय उचलला.

तेवढ्यात सारिका बदललीच. आवाज खाली आणून, बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, “आत्याबाई, पाव्हना अजून उठला न्हाई.”

अंबूबाई थबकल्या. “म्हंजी?”

“तांब्या बघा की. तसाच भरल्याला हाय. पानी प्यायलाय का त्यो? बसल्या मान्साच्या बुडाखालनं पाट वडायचा व्हय? आपलं घर काय म्हनंल मग?”

अंबूबाईंनी मान लांब करून बघितलं. तांब्या तुळशीच्या आडोशाला होता, त्यामुळं पडला नव्हता. काठोकाठ भरलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रिकामाच होतो, पण जन्मात पहिल्यांदा भरलेला दिसायचा प्रयत्न केला. सावळारामांनी हळूच बांबू पाठीमागं लपवला, पाहुण्यासमोर काठी कशी दाखवायची म्हणून.

“व्हय गं,” अंबूबाई म्हणाल्या. जीभ चावली. बाहेर काढलेला पाय आत घेतला, दार लोटलं आणि दारामागून पाहुण्याला म्हणाल्या, “बस बाबा, सावकाश बस. घाई न्हाई.”

ही तीच सारिका बरं का, जी लग्न होऊन आल्यापासून या रितीला हसत होती!

तिघं माजघरात जाऊन टेकली असतील नसतील, तोच वारा माघारी आला. पहिल्यापेक्षा दांडगा, आणि उलट्या दिशेनं. साळूबाईंच्या गोठ्याचा एक पत्रा सुटला, भिरभिरत आमच्या अंगणात आला आणि त्या तारेवर आदळला. असा जाळ झाला की दाराच्या फटीतून आत माजघरापर्यंत उजेड पडला. माझा एक कोपरा तिथंच करपला. पत्रा थरथरत राहिला आणि तारेतून चर्रचर्र आवाज येत राहिला.

 आत सावळारामांचा बांबू खाली पडल्याचा आवाज आला.

त्या दिवशी पुढं कोणी दाराकडं गेलं नाही. मी भिजत पडून होतो, पण तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. जसं काही घडलंच नाही. तांब्या लवंडला होता, त्यातलं पाणी गेलं होतं. म्हणजे पाव्हणा पाणी पिऊन गेला, असं अंबूबाईंनी ठरवलं. पण पाट आणू का, असं त्यांनी आधी सुनेला विचारलं. सारिका नाही म्हणाली. तार उचलल्याशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. त्या मुकाट्यानं ओट्यावर बसल्या. सावळारामांना काम मिळालं. ते ओट्यावर उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला लांबून जायला ओरडून सांगत होते. रस्त्यानं कोणी नसलं की कोंबड्यांना सांगत होते.

रेंज आली तसा सारिकानं वायरमन कुंडलिकला फोन केला. तो चिखल तुडवत आला, आधी डीपीवरून लाईन बंद केली आणि मगच अंगणात शिरला. तार गुंडाळली, पत्रा उचलला. करपलेला खुंटा बघून त्यानं विचारलं, काल कोणी इकडं आलं नव्हतं ना? कोणी नाही म्हणाल्यावर तो म्हणाला, “नशीब. पाऊल टाकलं असतं तर उचलायला मान्सं बोलवावी लागली असती.” मग मला उचलून त्यानं अंबूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पदरानं माझा चिखल पुसला.  सारिकाकडं एकदा बघितलं आणि मला घेऊन आत गेल्या. आमच्या म्हातारीला तोंडावर चांगलं बोलायची सवय नाही.

त्यानंतर माझं जे नाव झालं ते विचारू नका. गावभर झालं की अंबूबाईंच्या पाटावर वारा बसला आणि त्यानंच घर वाचवलं. साळूबाईंनी दोन पाट करायला टाकले. सावळाराम गडावर जाणाऱ्या पोरांना माझा करपलेला कोपरा दाखवतात आणि मोबाईलवर फोटो काढू देतात. अजितनं फोनवर सारिकाला चिडवलं, तूबी वाऱ्याला बसवायला लागलीस व्हय? मला मात्र लाज वाटायची. काही न करता मिळालेला मान पचत नाही हो. मी नुसता पडून होतो. घर वाचवलं ते उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पोरीनं, आणि ती अजून भुईवर बसून जेवत होती.

आता परवाचं सांगतो आणि पुरे करतो.

परवा पुन्हा वळीव आला. दुपारीच अंधारून आलं, धुरळा उठला. सारिकानं मेन स्विच पाडला, शेळी आत घेतली, कॅलेंडर आधीच काढून ठेवलं. अंबूबाई उठल्या आणि सरळ माझ्याकडं आल्या. मला बगलेत मारलं.  सारिका दाराशी जाऊन उभी राहिली.

पण अंबूबाई दाराकडं गेल्याच नाहीत. माजघरात मधोमध, जाड भिंतीच्या कडेला त्यांनी मला मांडलं. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. मग सुनेकडं न बघताच म्हणाल्या, “सारिके, बस.”

सारिकाला कळेना. ती म्हणाली, “आत्याबाई, आन् वारा?”

“त्यो गेल्या साली बसून गेला. त्याचा मान झाला. तू बस.”

सारिका बसली. अगदी कडेला, घाबरत, दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून, सावळाराम बसले होते ना लग्नात, तशीच. अंबूबाई तिच्याशेजारी भुईवर बसल्या आणि त्यांनी तांब्या तिच्या पुढं सरकवला. बाहेर वारा दार ठोकत होता. कोणी उठलं नाही.

तर मंडळी, तुमच्याकडं पाट असेल, नाहीतर खुर्ची असेल, वादळात ती बाहेर टाकू नका. आत मांडा. वारा गेला असं वाटलं तरी लगेच उठू नका, आणि पडलेल्या तारेला मेलेली समजू नका. आणि तुम्हाला उंबऱ्यातून मागं ओढणारं माणूस घरात असेल, तर त्याला आधी बसायला द्या. मी म्हातारा झालोय, एक पट्टी खिळखिळी झालीय, कोपरा करपलाय. पण सारिकाचं वजन मी अजून सहज पेलतो.